पेन बाईंचं, साडी हेडसरांची

निरोप घेणाऱ्या शिक्षकाच्या हाती शाईचं पेन ठेवणं, याहून थोर असा ज्ञानाचा सन्मान या पृथ्वीतलावर नाही, असं औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका मराठी शाळेच्या ठरावांच्या वहीत लिहिलेलं होतं. त्याच ठरावाच्या दुसऱ्या ओळीत, शिक्षिका असल्यास साडी द्यावी, असंही लिहिलेलं होतं. शिक्षिकेच्या ज्ञानाचं काय करायचं, याबद्दल ठराव गप्प होता.

ठराव सत्तावन्न सालचा. तिथपासून एकोणऐंशीपर्यंत शाळेतून बारा मास्तर निवृत्त झाले आणि बारा पेनं दिली गेली. निवृत्त होईपर्यंत टिकलेली बाई एकही नव्हती, त्यामुळे दुसऱ्या ओळीची कधी वेळच आली नाही. पहिलं पेन ड्रॉइंगच्या मास्तरांनी रंग बघून निवडलं. ते गळलं आणि सत्कारमूर्तींचा पांढरा शर्ट, उत्तरादाखलचं भाषण चालू असताना, हळूहळू निळा होत गेला. भाषण डोळ्यांत पाणी आणणारं होतं, पण लोक खिशाकडेच बघत राहिले. दुसऱ्या खेपेपासून ‘पेनाचं मनकर्णाबाई बघतील’ असं ठरलं आणि पुढची अकरा पेनं मनकर्णाबाईंनी बघितली.

त्या बघत म्हणजे खरोखरच बघत. मास्तर निवृत्त व्हायच्या आधी महिनाभर बाई त्यांच्या हातावर डोळा ठेवून असत. दाबून लिहितात की अलगद, अंगठा वर येतो की खाली, अक्षर कुठल्या अंगाला झुकतं. मग त्यांच्या पाठ टाचणाच्या वहीतलं एक पान मागून घेत आणि शहागंजात शफीभाईंच्या दुकानात जात. शफीभाई पेनं विकत, दुरुस्त करत, आणि मुख्य म्हणजे निब हाताला लावून देत. पाटीच्या तुकड्याएवढ्या गुळगुळीत दगडावर निब घासताना ते गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत, "किधर से लिखते?"

हा प्रश्न दुसऱ्या गावात कुणी विचारला तर त्याला वेडा म्हणतील. इथं तो रीतसर होता. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेले लोक उर्दू लिहीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे. पोलीस ॲक्शन झालं, कचेऱ्या आणि शाळा मराठी झाल्या, आणि हेच लोक ऐन तिशी-चाळिशीत डावीकडून उजवीकडे लिहायला लागले. हात मात्र सगळ्यांचाच फिरला नाही. ज्याचा फिरला नाही त्याची निब एका अंगानं घासायची, ज्याचा फिरला त्याची दुसऱ्या. शाळेचे हेडसर काकासाहेब यांनी रातोरात मराठी शिकून तीस वर्षं मराठी शाळेत काढली, पण शब्दावरची रेघ ते अजून उजवीकडून डावीकडे ओढत. फळ्यावर ओढताना बघणाऱ्याला वाटे, हेडसर लिहिलेलं खोडतायत.

शफीभाईंनी निब लावून दिली की बाई कागदावर त्या मास्तरांचं नाव लिहून बघत. पटलं नाही तर परत घासायला देत. बावीस वर्षांत त्या दुकानात त्यांनी अकरा जणांची नावं लिहिली. स्वतःचं एकदाही नाही. त्यांचं स्वतःचं लिहिणं खडूचं आणि वह्या तपासायच्या लाल पेन्सिलीचं.

एकोणऐंशी साली निवृत्तीला दोघं होते, काकासाहेब आणि मनकर्णाबाई, आणि तेही एकाच दिवशी. यात योगायोग काही नव्हता. पोराचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. बाईंनी स्वतः शेकडो पोरांना एक जूनला जन्माला घातलं होतं. नोकरीला लागताना त्यांची आणि हेडसरांची तारीखही कुणीतरी अशीच लिहिली, वर्षही सोयीनं एकच लिहिलं, आणि त्या हिशेबानं दोघांची अठ्ठावन्न वर्षं एकतीस मे रोजी एकदम भरत होती. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून समारंभ तीस एप्रिलला धरला.

मार्चमध्ये मधल्या सुट्टीत समारंभाची सभा झाली. चिटणीस पुंजाराम मास्तर. कागदावर मुद्दे काढल्याशिवाय चहासुद्धा न पिणारा माणूस.

"मुद्दा तीन," ते म्हणाले. "हेडसरांचं पेन नेहमीप्रमाणं बाई बघतील. बाईंची साडी हसीनाबाई बघतील."

"मला पेन पाहिजे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"व्हय, ते तुमच्याकडंच आहे की. हेडसरांचं."

"हेडसरांचं नाय म्हणत मी. माझं."

पुंजाराम मास्तरांनी कागदावर पाहिलं. कागदावर असा मुद्दा नव्हता.

"बाई, साडी चांगली घेणार आहोत," ते समजुतीच्या आवाजात म्हणाले. "काठाची."

"काठ चार बोटं असू द्या नायतर वीतभर. मला पेन पाहिजे."

"पण लिहिणार काय तुम्ही आता?"

"हेडसर काय लिहिणारेत?"

हेडसर समोरच बसले होते. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला जाईल असं वाटलंही नव्हतं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"तसं नाय बाई," पुंजाराम मास्तर म्हणाले, "बाईमाणसाला पेन दिलं तर लोक म्हणतील, शाळेनं साडी वाचवली."

सभा पुढच्या शनिवारवर गेली.

घरी बाईंनी ही गोष्ट यजमानांच्या कानावर घातली. यजमान म्हणजे सांडू, पैठण गेटजवळ सायकली दुरुस्त करत. ते तेव्हा एका चाकाचे आरे सरळ करत होते.

"त्यात काय एवढं," सांडू म्हणाले. "मी आणतो की उद्या एक."

"तुम्ही आणलेलं नको."

"का? माझ्या हाताला काटे हायेत?"

"तसं नाय हो. विकत तर मीसुद्धा घेईन. अकरा जणांना मिळालं, तसं मिळालं पाहिजे."

"अन् त्या अकरा जणांनी केलं काय त्याचं?"

बाईंना ते पाठ होतं. एकाचं पेन काचेच्या कपाटात डबीसकट होतं. एकानं ते जावयाला दिलं, जावयानं हरवलं. एकजण त्या पेनानं एसटी महामंडळाला तक्रारी लिहीत, आणि एवढा एकच माणूस बाईंना अकरांमधला सुपात्र वाटत होता. पण या सगळ्यांना देताना, तुम्ही लिहिणार काय, असं कुणी विचारलं नव्हतं.

"काय करायचं ते केलं त्यांनी. मिळालं तर होतं," बाई म्हणाल्या.

सांडूंनी चाक फिरवून पाहिलं. बायको एकदा अशी बोलायला लागली की चाकाकडे बघावं, हे त्यांना पस्तीस वर्षांत कळलं होतं.

शनिवारी पुंजाराम मास्तर तयारीनं आले. "बाई, तुमचं म्हणणं रास्त असंल. पण ठराव आहे. ठरावाबाहेर कसं जायचं?"

"काढा वही," बाई म्हणाल्या.

वही कपाटातच होती. मास्तरांनी ती उघडली, उभे राहिले आणि पृथ्वीतलापासून साडीपर्यंत सगळा ठराव खणखणीत वाचला. वाचून झाल्यावर त्यांची नजर अक्षरावर गेली आणि आवाज थोडा खाली आला. गोल, टपोरं, ओळीच्या दोरीवर वाळत घातल्यासारखं अक्षर. शाळेत ते सगळ्यांना ओळखू येत होतं. दाखल्यांवर, फलकांवर, शौचालयाच्या दारावरच्या सूचनेवर तेच होतं.

"अक्षर तुमचंच की बाई हे," सहशिक्षिका हसीनाबाई म्हणाल्या.

अक्षर बाईंचंच होतं. सत्तावन्न साली तेव्हाच्या हेडमास्तरांनी तोंडी सांगितलं आणि बाईंनी उतरवून घेतलं, कारण चांगलं अक्षर असलेल्या माणसाकडे लिहायचं काम येतं आणि ठरवायचं काम दुसरीकडे जातं. हेडमास्तरांनी खरं तर ‘पेन द्यावे’ एवढंच सांगितलं होतं. पृथ्वीतल बाईंनी पदरचं घातलं. आणि त्याच झोकात, हात न उचलता, साडीची ओळही लिहून टाकली होती. तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. निवृत्ती ही मास्तरांना होणारी गोष्ट आहे, असा त्यांचा समज होता.

"मीच लिहिलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मीच खोडते. द्या इकडं."

"खोडता येत नाय, बाई. दुरुस्ती करावी लागते."

"मग दुरुस्ती लिहा."

पुंजाराम मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. "लिहिणार कोण? अक्षर तर तुमचंच चांगलं."

तेव्हा ती दुरुस्तीही बाईंनीच लिहिली. ‘निवृत्त होणाऱ्यास पेन अथवा साडी द्यावी, ज्याची जशी इच्छा.’ या वेळी त्यांनी पदरचं काही घातलं नाही. सर्वांच्या सह्या झाल्या.

चहाचे कप गोळा करायला आलेल्या शिपाई सारजाबाई दारात थांबल्या. "आमची बी इच्छा इचारणार का नारळच?"

"सारजाबाई, तुमचा ठराव वेगळाय."

"नारळाचा बी ठराव हाय व्हय," सारजाबाई म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

दुरुस्तीचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. ‘ज्याची जशी इच्छा’ म्हटल्यावर हेडसरांचीही इच्छा विचारावी लागत होती. ती विचारायला पुंजाराम मास्तरांनी बाईंनाच पाठवलं. काकासाहेबांनी आधी दार लोटलं, मग टेबलाचा खण ओढला. खणात नऊ पेनं होती. पाच सत्कारांची, दोन लग्नांतली, एक आमदारांचं, एक कुणाचं तरी राहिलेलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "मग मला साडी चालंल का?"

"तुम्हाला?"

"हिला हो. तीस वर्षं मी समारंभाहून घरी हार अन् नारळ नेतोय. परवा म्हणाली, या खेपेला हार घेऊन आलात तर तोच घालून ओट्यावर बसा." त्यांनी खण बंद केला. "जांभळी असली तर बरं. पण आपल्यातच राहू द्या."

"सभेत सांगावं लागंल."

"सभेत सांगा. गावात नको."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मनकर्णाबाई शहागंजात गेल्या. शफीभाईंनी स्टूल पुढे केलं आणि लिखाईचं पान मागितलं. बाईंनी दिलं. शफीभाईंनी ते उजेडात धरलं, जवळ घेतलं, परत लांब धरलं.

"ये कौन से सर हैं? अक्षर तो पैचान का लगरा."

"सर नाय."

"फिर?"

"मी."

शफीभाईंनी पान खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. बावीस वर्षांत या बाईंनी दुकानात किती कागद लिहून फेकले असतील याचा ते बहुधा अंदाज घेत होते.

"किधर से लिखते, ये तो तुमको पूछनेका नै," ते म्हणाले आणि खालच्या फळीवरून एक डबी काढली. आत बोटभर लांबीचं, गुलाबी, सोनेरी टोपणाचं पेन होतं. "लेडीज आयटम है, बाई. पर्स में बराबर बैठता."

"पर्स नाय माझ्याकडं. जाड दाखवा."

"जाड मर्दाना रहता, बाई."

"तीस वर्षं खडू धरलाय मी, शफीभाई. बारीक वस्तू बोटांत राहत नाय. जाड दाखवा."

शफीभाईंनी जाड काढली. हिरवं हलकं होतं. काळ्याचं टोपण आट्यांवर अडत होतं. एकाची निबेखालची जिभली शाई जास्त सोडत होती, आणि बाईंना ड्रॉइंग मास्तर आठवले. शेवटी एक काळं, मरून रंगाच्या लाटा असलेलं, हातात घेतल्यावर आपण काहीतरी धरलंय हे कळेल एवढ्या वजनाचं पेन उरलं. शफीभाईंनी निब दगडावर फिरवली, शाई भरली आणि कागद पुढे सरकवला.

बाईंनी सवयीनं ‘श्री.’ लिहिलं. मग थांबल्या. तो कागद बाजूला केला, दुसरा घेतला आणि लिहिलं, मनकर्णाबाई.

"कैसा है?"

"‘र्ण’ला अडतंय."

शफीभाईंनी परत घासली. परत लिहिलं. आता रफार बरा होता, पण काना ओला येत होता. तिसऱ्या वेळी शफीभाई म्हणाले, "पैले इत्ता नै घिसवाते थे तुम. कोईच सर के टाइम पे नै."

"त्यांना चालत होतं," बाई म्हणाल्या. "घासा."

चौथ्या खेपेला नाव सरळ, एका दमात आलं. बाईंनी ते सहा वेळा लिहून बघितलं आणि सातव्यांदा उगीचच लिहिलं. शफीभाईंनी दांडीवर त्यांचं नाव कोरून दिलं, डबी बांधली आणि आतून हाक मारून चहा मागवला. अकरा पेनांना त्यांनी चहा पाजला नव्हता.

तीस एप्रिलला शाळेच्या अंगणात कनात लागली. प्रमुख पाहुणे गल्लीतले पुढारी नानासाहेब. सत्कार करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पहिल्या रांगेत हेडसरांच्या पत्नी वच्छलाबाई, त्यांच्या शेजारी सांडू, हात धुऊनही काळे राहिलेले. हसीनाबाईंनी तबकात दोन पुडकी आणली. एक लहान, एक मोठं, दोन्हींवर नावाच्या चिठ्ठ्या.

नानासाहेबांनी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. आयुष्यात शेकडो निरोप दिलेल्या माणसाला चिठ्ठी लागत नाही. लहान पुडकं उचलून त्यांनी काकासाहेबांच्या हातात ठेवलं, मोठं मनकर्णाबाईंच्या. टाळ्या झाल्या.

काकासाहेबांना हातातल्या चिठ्ठीवर नाव दिसलं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मागच्या पालकांकडे पाहिलं, नानासाहेबांच्या फेट्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांदेखत हातावर जांभळी साडी घेऊन उभं राहायचं, याचा विचार त्यांनी बंद दाराआड केलेला नव्हता. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पुडकं कोटाच्या खिशात घातलं.

खुर्चीवर टेकताना ते बाईंकडे कलले. "बाई, मागून बदलू."

"मागून नाय."

"अहो, घरी आणून देतो. आत्ता लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच," बाई म्हणाल्या.

"बाईमाणसाची साडी मी स्टेजवर घेऊ?"

"पुरुषमाणसाचं पेन मी घेणारच आहे."

काकासाहेबांनी खिशावर हात ठेवला. तेवढ्यात पुंजाराम मास्तरांनी पुकारलं, मनकर्णाबाई सत्काराला उत्तर देतील. अशा वेळी बायका ‘मी काय बोलणार’ म्हणून पदर सावरतात आणि खाली बसतात, असा शिरस्ता होता. पुंजाराम मास्तरांनी पुढच्या वक्त्याचं नाव बोटानं धरूनही ठेवलं होतं. बाई साडीचं पुडकं घेऊन माइकपाशी गेल्या.

"मी या शाळेसाठी अकरा पेनं निवडली," त्या म्हणाल्या. "बारावं माझ्यासाठी निवडलं. ते सध्या हेडसरांच्या खिशात आहे. पाहुण्यांची यात चूक नाय, त्यांनी रीतीनं केलं. ती रीत आम्ही मार्चमध्ये बदलली. हेडसरांनी साडी मागून घेतली होती, वच्छलाबाईंसाठी. जांभळी आहे. हेडसर, या."

आणि त्यांनी साडी पुढे धरली.

काकासाहेब उठले नाहीत. कनात वाऱ्यानं फडफडली. नानासाहेबांनी पुंजाराम मास्तरांकडे पाहिलं. पुंजाराम मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. बाईंचा हात तसाच होता. तीस वर्षं फळ्यावर उंच धरलेला हात, तो लवकर दुखणारा नव्हता, आणि पेन हातात आल्याशिवाय त्या खाली बसणार नाहीत, हे मागच्या रांगेतल्या पालकांनाही कळलं. त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले होते.

"घ्या की," पहिल्या रांगेतून वच्छलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत एक गोष्ट माझ्यासाठी मागितली, अन् आता लाजायला लागलात."

काकासाहेब उठले. त्यांनी खिशातलं पुडकं काढून दोन्ही हातांनी बाईंना दिलं आणि साडी घेतली. "बाई," ते हसून म्हणाले, "तुमच्या निबेनं मला लिहितासुद्धा आलं नसतं." नानासाहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या सुरू केल्या. त्यांना ते बरोबर जमत होतं. फोटोवाल्यानं हेडसरांना साडी जरा खाली धरायला सांगितलं. बाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन डबीतून काढून, नाव दिसेल असं, छातीपाशी धरलं होतं.

मे महिना गेला. बाईंनी त्या पेनानं एक अक्षर लिहिलं नाही. सांडूंनी दोनदा वाण्याची यादी पुढे केली, बाईंनी ती पेन्सिलीनं लिहिली. पहिलं अक्षर कुठं लिहायचं ते त्यांनी ठरवलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या कागदावर, स्वतःचं नाव, स्वतःच्या पेनानं. जूनमध्ये पेन्शनच्या कागदांसाठी कोषागारात बोलावणं आलं. सकाळी त्यांनी शाई भरली, निब पुसली, पेन रुमालात गुंडाळलं आणि चालत गेल्या. दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीशी पोचल्यावर कारकुनानं कागद पुढे सरकवला आणि खाली फुलीची खूण दाखवली. बाईंनी रुमाल सोडला, टोपण काढलं, मागं लावलं.

"शाईचं नको, बाई," कारकून म्हणाला. "खाली दोन कार्बन आहेत. दाबून करा."

त्यानं कानावरचं बॉलपेन काढून दिलं. मनकर्णाबाईंनी दाबून सही केली. ती तिन्ही प्रतींवर उमटली.